विचारा की! लायपोसोममध्ये अल्कोहोल गेलं की काय होतं?

या खेपेची बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली, अल्कोहोल आणि पेशीचा पडदा (लायपोसोम म्हणजे त्या पडद्याचा साधा नमुना), म्हणून ती सगळी एकत्रच घेतोय. पहिलं उत्तर लांबणार आहे, ज्यांना केमिस्ट्रीचा कंटाळा आहे त्यांनी सरळ खालच्या मळीच्या प्रश्नावर उडी मारली तरी चालेल, पण माझं ऐकाल तर पहिलं वाचाच, कारण बाकीची बहुतेक उत्तरं त्यातनंच निघतात.

प्रश्न (एमएस्सीची विद्यार्थिनी, बेळगाव): सर, माझा प्रोजेक्ट डीपीपीसीच्या (हे एक फॉस्फोलिपिड, पडदा ज्या तेलकट रेणूंचा बनतो त्यातलं) लायपोसोमवर आहे. इथेनॉल वाढवत नेलं तसं लिपिड वितळायचं तापमान आधी ४१ अंशावरनं खाली आलं, ते ठीक, पण आणखी घातलं तर परत वर जाऊलालंय. बॅच बदलून बघितली तरी तेच. गाईड म्हणतात रीडिंग चुकलंय, परत कर. अल्कोहोलनं पडदा सैल होतो तर तापमान खालीच यायला पाहिजे की? नेमकं कुठं चुकतंय?

उत्तर: कुठंच चुकलेलं नाही. तुझ्या गाईडना वाटलं ते बऱ्याच जणांना वाटतं, कारण 'अल्कोहोल पडदा सैल करतं' एवढं वाचून आपण थांबतो, आणि डीपीपीसीसारख्या सरळ शेपटीच्या लिपिडला ते अर्धंच लागू पडतं. तुला जे दिसलं तेच एलिझाबेथ रो यांनी १९८३ साली छापलंय, इथेनॉल कमी असताना तापमान उतरतं आणि एका मर्यादेनंतर चढायला लागतं. लगेच १९८४ साली सायमन आणि मॅकिंटॉश या दोघांनी एक्स-रे वापरून त्याचं कारण दाखवलं. त्यामुळं ही रीडिंगं टाकू नकोस, प्रोजेक्टचा मुख्य भाग तोच कर.

आता बाकीच्या वाचकांसाठी जरा मुळापासनं. फॉस्फोलिपिडच्या रेणूला एक डोकं असतं ज्याला पाणी आवडतं, आणि दोन तेलकट शेपट्या असतात ज्यांना पाणी नको असतं. पाण्यात टाकलं की हे रेणू आपले आपण दोन थरांत लागतात, डोकी दोन्ही बाजूंनी बाहेर पाण्याकडं आणि शेपट्या आत, आणि त्या दुहेरी थराची कड पाण्यात उघडी पडायला नको म्हणून तो स्वतःवरच मिटून पोकळ गोळी बनतो, आत पाणी, बाहेर पाणी, मध्ये पडदा. हेच व्हेसिकल किंवा लायपोसोम. केंब्रिजजवळच्या बाब्रहॅममध्ये अलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि तेव्हापासनं पेशीच्या पडद्याचा सगळ्यात साधा नमुना म्हणून जगभर हेच वापरतात. पडद्याची जाडी ४ ते ५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात असे दोन लाख पडदे बसतील. आपल्या प्रत्येक पेशीभोवती मुळात हीच रचना आहे, फक्त तिच्यात प्रोटीन आणि कोलेस्टेरॉल पण अडकवलेलं असतं.

इथेनॉल यात कुठं जाऊन बसतं ते कळलं की सगळं कळलं. ते शेपट्यांच्या खोल तेलात फारसं जात नाही आणि सगळंच्या सगळं पाण्यातही राहत नाही, डोकी संपून शेपट्या सुरू होतात त्या पट्ट्यात शिरतं, त्याचं ओएचचं टोक फॉस्फेटशी नाहीतर कार्बोनिलशी हायड्रोजन बंध जोडतं आणि दोन कार्बनचा बुटका भाग शेपट्यांकडं वळतो. त्यामुळं शेजारशेजारची डोकी एकमेकांपासनं लांब सरकतात. इथपर्यंत सगळ्या लिपिडांचं सारखंच, पण पुढं काय होतं ते शेपट्या कुठल्या अवस्थेत आहेत त्यावर आहे.

शेपट्या वितळलेल्या असतील तर डोकी लांब गेल्यावर त्यांना वळवळायला जास्त जागा मिळते, पडदा पातळ होतो, पसरतो, सहज वाकतो आणि त्यातनं गळतीही वाढते. लाय आणि लाँगो यांनी २००४ साली बारीक काचेच्या नळीत एकेक व्हेसिकल ओढून घेऊन हे मोजलं, आणि मिथेनॉल, इथेनॉल, प्रोपेनॉल, ब्युटेनॉल असं एकेक कार्बन वाढवत गेलं की तोच परिणाम साधारण एक तृतीयांश अल्कोहोलमध्ये मिळतो असं त्यांना दिसलं. शेपूट लांब तर पडद्यात शिरायची ओढ जास्त, एवढं साधं गणित आहे.

पण तुझं डीपीपीसी ४१ च्या खाली गोठलेलं असतं. त्याच्या दोन्ही शेपट्या १६ कार्बनच्या, एकही दुहेरी बंध नाही, ताठ सरळ, आणि डोकं शेपट्यांपेक्षा रुंद असल्यामुळं त्या मुळातच तिरप्या झुकून मधली जागा भरत असतात. आता इथेनॉलनं डोकी आणखी लांब ढकलली की नुसतं झुकून भागत नाही, आत पोकळी राहायला लागते, आणि तेलकट भागात रिकामी पोकळी ठेवणं ऊर्जेच्या हिशोबात फार महाग पडतं. मग समोरच्या थरातल्या शेपट्या त्या पोकळीत घुसतात, दोन फण्या दातांत दात घालून ठेवाव्यात तशा. दोन थरांचा जवळपास एकच होतो, जाडी ४ नॅनोमीटरच्या वरनं ३ च्या आसपास येते, आणि शेपट्यांची टोकं जी आधी मधोमध लपलेली होती ती आता समोरच्या पृष्ठभागापर्यंत येतात, तिथं पाणी लागू नये म्हणून इथेनॉलच त्यांना झाकतं. याला इंटरडिजिटेटेड जेल म्हणतात, म्हणजे एकमेकींत घुसलेल्या शेपट्यांची गोठलेली अवस्था. ही रचना आतनं घट्ट असते आणि तिच्यावर इथेनॉलला बसायला जागा पण जास्त, त्यामुळं इथेनॉल जितकं वाढेल तितकी ती आणखी पक्की होते आणि वितळवायला जास्त तापवावं लागतं. तुझा चढता आलेख तो हाच. सैल करणारं अल्कोहोलच गोठलेल्या पडद्याला वेगळ्या प्रकारे घट्ट करतं, आणि मला विचारशील तर या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे.

डीपीपीसीसाठी ही मर्यादा साधारण १ मोलरच्या किंचित वर येते. १ मोलर म्हणजे लिटरला ४६ ग्रॅम इथेनॉल, आकारमानानं पाहिलं तर ६ टक्क्यांच्या जरा खाली. लिपिडची शेपूट लांब असेल, समजा डीएसपीसी घेतलं, तर कमी इथेनॉल पुरतं, आखूड शेपटीच्या डीएमपीसीला जास्त लागतं.

गाईडना पटवायला काय दाखवशील ते सांगतो. एक तर ३५ च्या आसपास जे छोटं प्री-ट्रान्झिशन, म्हणजे वितळायच्या आधीचा छोटा बदल, दिसतं ते इथेनॉल वाढवताना खाली सरकून नाहीसं होतं का बघ, ते जिथं जातं तिथंच आलेख वळायला पाहिजे. मग तोच नमुना तापवताना आणि थंड करताना दोन्हीकडनं मोज, मर्यादेच्या वर गेल्यावर दोन तापमानं जुळणार नाहीत, फरक पडेल, आणि हा फरक म्हणजे मोठा पुरावा. फ्लुरिमीटर (चमक मोजायचं यंत्र) असेल तर डीपीएच हा रंग घाल, शेपट्या एकमेकींत घुसल्या की त्याची चमक एकदम पडते. आणि सगळ्यात सोपं म्हणजे एका नमुन्यात कोलेस्टेरॉल घाल, २५ टक्के मोलच्या आसपास, शेपट्या घुसायचं बंदच होतं. दुसऱ्यात डीओपीसी घे, त्याच्या शेपट्यांत दुहेरी बंधाचा वाक आहे, तो खोलीच्या तापमानाला गोठतच नाही, त्यामुळं तिथं हा खेळच नाही. हे दोन कंट्रोल, म्हणजे तुलनेचे नमुने, समोर ठेवलेस की वाद राहणार नाही. फक्त झाकण घट्ट ठेव, ५० अंशापर्यंत तापवताना उघड्या नळीतनं इथेनॉल उडून जातं आणि मग खरोखरच रीडिंग चुकतं. नमुना मध्येच घट्ट झाला तरी घाबरू नको, बारीक व्हेसिकल त्या अवस्थेत एकमेकांत मिसळून सपाट पापुद्रे होतात आणि तेच पापुद्रे ४१ च्या वर तापवले की मिटून मोठमोठी व्हेसिकल तयार होतात, १९९० च्या दशकात औषध भरायला मोठे लायपोसोम करायची एक पद्धतच यावरनं निघाली.

प्रश्न (बी-फार्मचा विद्यार्थी, निपाणी): जास्त इथेनॉलमध्ये लायपोसोम विरघळून जातात असं आम्हाला शिकवलं, मग इथोसोममध्ये (कातडीतनं औषध न्यायचे लायपोसोम) २० ते ४५ टक्के इथेनॉल असतं, ते कसे टिकतात?

उत्तर: दोन्ही बरोबर आहे रे. इथोसोम जेरुसलेमच्या एल्का तुइतू यांनी १९९० च्या दशकात आणले, त्यात बहुतेक सोयाबीनचं लेसिथिन असतं, म्हणजे दुहेरी बंधाच्या वितळलेल्या शेपट्या, आणि पाणी अजून एवढं असतं की शेपट्यांना एकत्र राहणंच परवडतं. पडदा टिकतो पण अगदी मऊ आणि लवचिक होतो, तेच तर पाहिजे असतं कारण औषध कातडीच्या वरच्या थरातनं आत न्यायचं असतं, आणि इथेनॉल त्या थरातल्या लिपिडांनाही सैल करतं. त्याच्या बरंच पुढं गेलास की पाणी एवढं कमी होतं की लिपिड सुटे सुटे विरघळतात आणि व्हेसिकल राहत नाही. हाच रस्ता उलट्या दिशेनं चालता येतो बघ, लिपिड शुद्ध इथेनॉलमध्ये विरघळवायचे आणि ते पाण्यात भरकन सोडायचे, इथेनॉल पातळ होताच बारीक व्हेसिकल आपोआप तयार, ही बात्झरी आणि कॉर्न यांची १९७३ ची पद्धत. फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लसीतले लिपिडचे कण पण इथेनॉलमधले लिपिड आणि आम्लधर्मी पाण्यातला एमआरएनए वेगानं मिसळूनच करतात आणि नंतर इथेनॉल काढून टाकतात. परीक्षेत हे जोडून लिही, मार्क मिळतील ते मिळतील, पण विषय डोक्यात पक्का बसेल.

प्रश्न (डिस्टिलरीत काम करणारे वाचक, अथणी तालुका): आमच्याकडं मळी आंबवताना वॉशमध्ये (टाकीतल्या आंबणाऱ्या मळीच्या पाण्यात) अल्कोहोल ८-१० टक्क्यांवर गेलं की यीस्ट मंदावतं, उन्हाळ्यात तर आधीच बसतं. साखर शिल्लक असतानाही असं का होतं?

उत्तर: दादा, आपल्याकडं उगारपासनं संकेश्वरपर्यंत ज्यांचं पोट उसावर आणि मळीवर आहे त्या सगळ्यांच्या कामाचा हा प्रश्न आहे, विशेषतः आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल जायला लागल्यापासनं. यीस्ट जे बनवतं तेच त्याच्या पडद्यात शिरतं. पडदा वितळलेलाच असतो, त्यात इथेनॉल घुसलं की तो गळायला लागतो. बाहेर वॉश आंबट असतो, तिथले प्रोटॉन आत झिरपतात, ते बाहेर फेकायला यीस्टला आपली ऊर्जा खर्च करावी लागते, आणि साखर आत ओढणारी प्रोटीनं त्याच पडद्यात बसलेली असतात त्यांचंही काम बिघडतं. म्हणून टाकीत साखर असूनही ती आत घेता येत नाही. उन्हाळ्यात बसतं कारण उष्णता पण पडदा सैल करते आणि अल्कोहोल पण सैल करतं, दोन्हींचा मार एकाच जागी पडतो. पारा ३५ च्या पुढं गेला की जे यीस्ट थंडीत १० टक्के सोसतं ते तेवढं सोसत नाही, म्हणून टाकी थंड ठेवण्यावरचा खर्च वाचवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

यीस्ट पण गप्प बसत नाही, अल्कोहोल वाढेल तसं ते पडद्यातलं ओलिक आम्ल आणि अर्गोस्टेरॉल वाढवतं, अर्गोस्टेरॉल म्हणजे आपल्यातल्या कोलेस्टेरॉलचं यीस्टमधलं भावंड. पण हे दोन्ही बनवायला त्याला ऑक्सिजन लागतो, आणि आंबवण ऐन भरात असताना टाकीत ऑक्सिजन नसतो. त्यामुळं सुरुवातीला, यीस्ट वाढवायच्या टाकीत हवा नीट मिळाली असेल तर ते पुढच्या दिवसांसाठी पडद्याची तयारी करून ठेवतं. तिथं हवा कमी पडली की त्याचा परिणाम शेवटी दिसतो, तेव्हा मात्र काही करता येत नाही. तुमच्या केमिस्टना हे एकदा विचारून बघा.

प्रश्न (एक ताई, खानापूर): आमचे मालक रोज घेतात. डॉक्टर एकदा म्हणाले दारू मेंदूच्या पेशींच्या पडद्यावर काम करते. मग तो पडदा विरघळत चाललाय का? परत नीट होतो का?

उत्तर: ताई, तुम्ही मनापासनं विचारलंय म्हणून आकड्यासकट सांगतो. वर ज्या प्रयोगाचं बोललो त्यात इथेनॉल लिटरला ४६ ग्रॅम होतं. आपल्याकडं गाडी चालवायची कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे लिटरला ०.३ ग्रॅम, प्रयोगाच्या दीडशेव्या हिश्श्याएवढं. माणूस पूर्ण तर्र झाला तरी त्याच्या रक्तात प्रयोगाच्या जवळपास पण काही जात नाही, त्याच्या फार आधी श्वास बंद पडतो. तेवढ्या कमी अल्कोहोलनं पडद्यात जो सैलपणा येतो तो अंगात एक अंशही ताप चढल्यानं येतो त्याहून कमी असतो, आणि तापानं कुणी झिंगत नाही. म्हणून पडदा विरघळला म्हणून नशा चढते, हे खरं नाही.

पूर्वी मात्र शास्त्रज्ञांना तसंच वाटायचं. १८९९ साली हान्स मेयर आणि १९०१ साली चार्ल्स ओव्हर्टन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की जो पदार्थ तेलात जास्त विरघळतो तो जास्त गुंगी आणतो, ओव्हर्टन तर बेडकाच्या पिल्लांवर प्रयोग करायचे, आणि त्यावरनं बरीच दशकं सगळे पडद्याच्या तेलकट भागालाच जबाबदार धरत होते. मग १९८४ साली फ्रँक्स आणि लीब यांनी काजव्यात असतं ते ल्युसिफरेज नावाचं प्रोटीन घेतलं, त्यात लिपिडचा थेंब नाही, तरी गुंगीची औषधं त्याला त्याच क्रमानं थांबवत होती. आणि अल्कोहोलची शेपूट १२-१३ कार्बनच्या पुढं गेली की तेलात विरघळणं वाढतच जातं पण गुंगी येणं थांबतं, हे पण जुन्या हिशोबात बसत नव्हतं. आता असं मानतात की दारू मुख्यतः पडद्यात बसलेल्या प्रोटीनांवर काम करते, गाबा आणि एनएमडीए नावाचे जे रिसेप्टर आहेत त्यांच्यावर, एक मेंदूला शांत करणारा आणि एक जागं ठेवणारा.

पण म्हणून रोजचं पिणं निर्धोक आहे असं मुळीच समजू नका. त्याचं खरं नुकसान यकृतात होतं, चरबी साठते, मग सूज, मग सिरॉसिस, आणि शरीरात बी-१ जीवनसत्त्व कमी पडून मेंदूला आणि नसांना त्रास होतो. नुसती चरबी साठण्यापर्यंतच गेलं असेल तर दारू सोडल्यावर यकृत बरंचसं सुधारतं. एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक सोडली तर फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवावर पण बेतू शकतं. रागानं बाटली फोडून एका रात्रीत बंद करायला लावू नका, आधी सरकारी दवाखान्यात किंवा तुमच्या डॉक्टरांना दाखवा, त्यासाठी औषधं असतात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवता येते.

प्रश्न (औषध दुकानदार, चिक्कोडी): सॅनिटायझर ७०-८० टक्क्यांचाच का, १०० टक्के अल्कोहोल जास्त चांगलं नाही का?

उत्तर: नाही. कोरोनासारख्या विषाणूला बाहेरनं लिपिडचा पडदा असतो, तो एवढ्या अल्कोहोलमध्ये टिकत नाही, वर निपाणीच्या मुलाला सांगितलं तेच इथं घडतं. पण प्रोटीनं पण उलगडून बिघडवायची असतात आणि त्याला पाणी लागतं, शिवाय शुद्ध अल्कोहोल हातावरनं काम व्हायच्या आतच उडून जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्यात इथेनॉल ८० टक्के नाहीतर आयसोप्रोपिल ७५ टक्के आहे. नोरोव्हायरससारख्या बिनपडद्याच्या विषाणूंवर मात्र त्याचा जोर कमी, तिथं साबणपाणीच. गिऱ्हाइकांना हे सांगत जा.

प्रश्न (नववीतली मुलगी, बेळगाव): माझ्या क्रीमवर सिटाइल अल्कोहोल लिहिलंय, ते कातडी कोरडी करेल का?

उत्तर: नाही बाळ. त्याची शेपूट १६ कार्बनची आहे, तुझ्या क्रीममध्ये ते पांढऱ्या मेणासारखं घट्ट असतं. आखूड शेपटीचं अल्कोहोल गोठलेल्या लिपिडांचं वितळायचं तापमान आधी खाली आणतं, पण डेकॅनॉलच्या (१० कार्बन) पुढची लांब शेपटीची अल्कोहोलं लिपिडच्या शेपट्यांशेजारी नीट लागून उभी राहतात आणि तापमान उलट वाढवतात, पडदा घट्ट करतात. म्हणून क्रीम दाट करायला ते घालतात. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही, तुला पुरळ आलं तरच बंद कर आणि घरी सांग.

आणि प्रयोग करून बघायचा असेल तर बीटच्या सारख्या चकत्या कापून आधी स्वच्छ धुऊन घे, मग एक साध्या पाण्यात आणि बाकीच्या कमीजास्त सर्जिकल स्पिरिट मिसळलेल्या पाण्यात ठेव, शाळेतल्या बाईंसमोर, गॅस आणि मेणबत्तीपासनं लांब. जिथं स्पिरिट जास्त तिथं पाणी जास्त लाल होईल, कारण बीटच्या पेशीतला रंग दोन पडद्यांच्या आत कोंडलेला असतो आणि ते दोन्ही गळायला लागतात. वेळ लावून दर पाच मिनिटांनी रंग लिहून ठेव आणि वही मला पाठव.